कपबशांच्या कपाटातली अंडी

सोमवार, ३ तारीख

अहो,

तुमचं यंत्र घेऊन जा.

काल भाऊजींबरोबर त्यांच्या घरी निघून गेलात. जाताना चष्मा नेलात, छत्री नेलीत, दाढीचं सामान नेलंत आणि कपाटभर अंडी मात्र माझ्या गळ्यात मारून गेलात. माणसाने रुसून जावं, पण जाताना आपलं सगळं आवरून जावं. इतक्या वर्षांत मी काही कमी रुसले नाही, पण कधी दूध गॅसवर ठेवून गेलेय का?

फोन करायचा सोडून पत्र का लिहिलं, असं जाऊबाई विचारतील. त्यांना सांगा, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी उभा जन्म ‘नंबर प्लीज’ म्हणण्यात घालवला आणि नोकरी संपली त्या दिवशी हेडफोन खाली ठेवताना शपथ घेतली की घरातल्या फोनला हात लावणार नाही. घरात फोन वाजला तर तुम्ही उचलायचा, नाहीतर तो वाजून वाजून गप्प बसायचा. ती शपथ मोडण्याइतकं काही झालेलं नाही. म्हणून पत्र.

आता मुद्द्याचं. जन्मभर लोकांचे फ्रीज दुरुस्त केलेत. थंड करणं हा तुमचा धंदा. घरी बसल्यावर गरम करायची हौस आली, ठीक आहे, पण त्यासाठी माझंच काचेचं कपाट दिसलं? पाहुण्यांच्या कपबशांचं? मी बाजारातून येईपर्यंत माझे बाराही कप वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, खोकं खाटेखाली आणि कपाटात बल्ब, पंखा, थर्मामीटर आणि एक डझन अंडी! आठवडाभर मी तोंडातून शब्द काढला नाही. काल भाऊजी जेवायला आले, तुम्ही त्यांना कौतुकाने ते यंत्र दाखवायला लागलात, आणि मग मात्र निघाला शब्द.

‘ह्यांच्या हातून घरातलं एक काम तडीला गेलेलं मी पाहिलं नाही.’ हेच म्हणाले ना मी? त्यात खोटं काय आहे? बाल्कनीचा कठडा अर्धा हिरवा आहे आणि अर्धा गंजका. दारावरची बेल दोनदा दाबल्याशिवाय वाजत नाही. न्हाणीघराच्या दाराला कडी आहे पण ती अडकवायला कोयंडा नाही, म्हणून आपल्यापैकी जो आत जाईल तो मोठ्याने गाणं म्हणतो. मला वाटलं, नेहमीसारखं उलट बोलाल, मग मी बोलेन आणि भाऊजी हसतील. तुम्ही काहीच बोलला नाहीत. पिशवी भरायला लागलात. मग मीही गप्प बसले, मी तरी कशाला बोलू?

यंत्राचं बटण मी उद्या बंद करणार आहे. कळावे म्हणून कळवलं.

ता. क. अंड्यांवर एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढलाय, तो कशाला? मला काही घेणं नाही, पण कळवा.


शुक्रवार, ७ तारीख

अहो,

कार्ड मिळालं. ‘अंडी सकाळ-दुपार-संध्याकाळ फिरवावीत. एकदा फुली वर, एकदा गोल वर. पाण्याची वाटी कोरडी पडू देऊ नये.’ मायना नाही, सही नाही, बरी आहेस का नाही. कार्डावर इतकी जागा मोकळी होती की मी तिथे वाणसामानाची यादी लिहिली.

बटण बंद केलेलं नाही. त्याचं कारण तुम्ही नाही.

मंगळवारी बटणावर हात ठेवला होता. मग वाटलं, आत नुसता बलक आहे की आणखी काही, ते एकदा पाहावं. पडदे ओढले, टॉर्च पेटवला आणि त्याच्या तोंडावर अंडं धरलं. अहो, आत कोणीतरी पाय झाडला! लाल शिरांचं जाळं, मधे एक काळा ठिपका, आणि तो ठिपका चक्क हलला. माझ्या हातून अंडं सुटायचंच राहिलं होतं. मी त्याला ‘सॉरी’ म्हणाले. अंड्याला! मग सगळीच पाहिली. एक आतून अगदी रिकामं, काचेसारखं स्वच्छ निघालं, ते कुंडीत पुरलं. बाकी अकरा जण घरात आहेत. आता सांगा, पाय झाडणाऱ्यांचं बटण कोण बंद करणार?

तेव्हा फिरवतेय. सकाळी फुली, दुपारी गोल. वाटीही भरतेय. फक्त तुम्ही रोज सकाळी काचेला तोंड लावून ‘क्लुक्क, क्लुक्क’ करायचात ते मी करणार नाही. त्यांना आईचा आवाज लागतो म्हणे. आई म्हणून फ्रीज मेकॅनिकचा आवाज ऐकला तर बिचाऱ्यांचा काय समज होईल?

खालची पार्लरवाली काल दोरा मागायला वर आली होती. दारातच थांबून म्हणाली, ‘मावशी, तुम्ही कपाटाशी काय बोलत होता?’ मी म्हटलं, खोकला झालाय. ती म्हणाली, ‘खोकला नाही, तुम्ही खुडूक झालाय. आमच्या आजीची कोंबडी अशीच एका जागी बसून पुटपुटायची.’ तिला दोरा दिला आणि वाटेला लावलं.

आणखी एक. रोज दिवेलागणीला आपला फोन वाजतो. पाच-सहा घंट्या, की बंद. कोणाचा राँग नंबर असेल. मी उचलत नाही हे सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे, तुम्हालाही आहे. जो कोणी आहे तो चिकाटीचा दिसतो.


गुरुवार, १३ तारीख

अहो,

दुसरं कार्ड पोचलं. ‘गुरुवारपासून अंडी फिरवू नयेत. दार उघडू नये. वाटी काठोकाठ भरावी. दार उघडू नये.’ एकच वाक्य दोनदा! एवढा विश्वास पाहून ऊर भरून आला.

सांगितल्याप्रमाणे केलं आहे. आज सकाळी काच शेवटची सरकवली, वाटी भरली, अंडी नीट बसवली आणि काच लावली. कशी बसवली ते विचारू नका. तुमच्या त्या जाळीवर एकमेकांवर आपटत, गडगडत पडली होती, त्यापेक्षा शंभर पटीने बरी बसवली आहेत. एक्स्चेंजमध्ये आम्हाला पहिला धडा हाच होता की एका लाइनचा आवाज दुसरीत गेला की दोघांच्याही बोलण्याचा विचका होतो. ज्याची त्याची लाइन ज्याची त्याला. तेवढं लक्षात ठेवून बसवली आहेत.

खाटेखालचं खोकं रिकामं झालंय. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

बाकी ठीक. न्हाणीघरात आता गाणं म्हणायची गरज उरली नाही, घरात दुसरं आहेच कोण? तरी म्हणते. काल अर्ध्यातच थांबले, कारण पुढची ओळ नेहमी तुम्ही बाहेरून म्हणता आणि मला ती कधी पाठच झाली नाही. ती ओळ कार्डावर लिहून पाठवायला हरकत नाही. जागा भरपूर असते.

फोन वाजतो अजून. काल घंट्या थोड्या जास्त वाजल्या.


शनिवार, १५ तारीख

अहो, ती बोलतात!

दुपारी पेपर वाचत बसले होते. कपाटातून टक् टक् आवाज आला. मला वाटलं, झालं, बिघडलं ह्यांचं यंत्र, पंख्याचं पातं कशाला तरी लागतंय. काचेला कान लावला. पंखा नीट होता. टक् टक् अंड्यांतून येत होतं. आणि मग एक बारीक, अगदी बारीक ‘चिक्’. कवच कुठे तडकलेलं नव्हतं. दार बंद, खिडकी बंद आणि आत माणूस बोलतोय! मी ताठ उभी राहिले. अहो, आयुष्यभर माणसं न दिसता नुसते आवाज ऐकले मी. आवाजावरून ओळखायचे, हा घाबरलाय, हा खोटं बोलतोय, हिला रडू येतंय पण आवरतेय. पण इतका नवा आवाज मी कधी ऐकला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

चौथ्या कपातला सगळ्यात बडबड्या आहे.

घ्या, लिहून गेले. आता लपवण्यात अर्थ नाही. हो, कपात. प्रत्येक अंडं एकेका कपात बसवलंय, रुंद बाजू वर करून. माझे कप माझ्या कपाटात परत आले आणि तुमची अंडीही जागेवर राहिली. कोणी कोणाला धक्का देत नाही, कोणी कोणाच्या बोलण्यात तोंड घालत नाही. कप सोनेरी काठाचे आहेत, त्यामुळे दिसतंही छान. पार्लरवाली म्हणाली, मावशी, हे तर राजवाड्यातलं बाळंतपण झालं.

संध्याकाळी तो राँग नंबर वाजला. फोन कपाटाला लागूनच आहे. पहिल्या घंटीला आत एकदम शांतता, आणि दुसऱ्या घंटीला जवळजवळ सगळ्या कपांतून चिवचिवाट! फोन थांबला तरी चौथ्या कपातला बोलतच होता. मी त्याला म्हटलं, बाबा, फोन ठेवलाय त्यांनी. तो ऐकेना. त्याच्या अंड्यावर चांदणीसारखा एक तडा गेलाय आणि मधल्या भोकातून चोचीचं टोक दिसतंय, त्यावर साखरेच्या कणाएवढा पांढरा दाणा आहे. त्याच दाण्याने फोडलं असणार.

आता भोक पाडून स्वस्थ बसलाय. काम सुरू करायचं आणि बसायचं, ही सवय कुणाची ते मला माहीत आहे. पण खरंच, इतका वेळ बसतात का? मला काळजी वाटते. पत्र लगेच टाकतेय.


मंगळवार, १८ तारीख

अहो,

काल फोनवर आपलं जे बोलणं झालं ते निम्मंच होतं. तुम्हाला तिकडून दिसलं नाही ते सगळं लिहिते, म्हणजे माझ्याही जिवाला स्वस्थता मिळेल.

रविवारी सकाळी चौथ्या कपातला बाहेर आला. बाहेर म्हणजे कुठे, कपातच! कवचाची टोपी उडाली आणि हा गृहस्थ ओला, चिकट, मान टाकलेला, कपात अडकून बसला. मागे सरायला जागा नाही आणि पुढे कपाचा काठ. सोनेरी काठ काय चाटायचाय त्याला? मी त्याचं नाव अर्जंट ठेवलं. त्याच्या शेजारच्या दोन कपांना त्याचा कप टेकला होता. तो ओरडला की त्या दोघांतून टक् टक् उत्तर यायचं. पलीकडची सगळी अंडी गप्प. शनिवारी मधूनमधून बोलत होती, तीही गप्प.

मी खुर्ची ओढून कपाटासमोर बसले. अर्जंट ओरडतो, शेजारचे दोघं टकटकतात, लांबचे गप्प. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, ही क्रॉस लाइन नव्हतीच! ती सगळी एकमेकांना विचारत होती, तू निघालास का, मी निघू का, थांब, मीही आलो. सगळ्यांची मिळून एकच लाइन होती, आणि मी बसून ती अकरा ठिकाणी तोडली होती. नोकरीत सगळ्यात चोख म्हणून माझं नाव होतं, आणि तो चोखपणा मी अंड्यांवर काढला.

मग मी तुमचं दोनदा लिहिलेलं वाक्य मोडलं. काच सरकवली, टॉवेल अंथरला आणि एकेक अंडं कपातून काढून एकमेकांना चिकटवून ठेवायला लागले. तेवढ्यात पार्लरवाली केस वाळवायचं मशीन घेऊन धावत वर आली. अर्जंटला पाहून किंचाळली, ‘अगंबाई, मेलं की हो ते! थांबा, गरम हवा मारते.’ मी म्हटलं, खबरदार! ते दमलंय, मेलेलं नाही. ती म्हणे, निदान सेट तरी करू द्या, किती वाईट दिसतंय. ह्या झटापटीत एका कपाचा कान उडाला आणि काच हवी त्यापेक्षा बराच वेळ उघडी राहिली. आतली दमट हवा सगळी खोलीत आली. हे मी काल फोनवर सांगितलं नव्हतं.

पण एकत्र ठेवल्यावर काय सांगू तुम्हाला! एक टक् करतो की दुसरा दोनदा टक् करतो. दुपारपर्यंत टॉवेलवर नुसती कुजबुज होती. मग एकामागून एक सुरू झाले. भोक पाडलेलं पिल्लू आतल्या आत हळूहळू फिरतं आणि चोचीने कवच कापत जातं, आपण डब्याचं झाकण पत्रा कापून काढतो तसं. थोडं कापतं, दम खातं, परत थोडं. पूर्ण फेरी झाली की आतून पायांनी रेटा. टोपी बाजूला, आणि पिल्लू पालथं. मेल्यासारखं पडतं आणि मी श्वास धरते. मग ते डोकं उचलतं, शेजारच्या अंड्यावर जाऊन आपटतं, आणि ते अंडं आतून टक् करतं. म्हणजे जे आपटणं मला धसमुसळेपणा वाटत होतं, तेच त्यांचं दार वाजवणं होतं.

अर्जंट तोपर्यंत वाळून असा फुलला होता की पार्लरवालीने मशीन मुकाट्याने पिशवीत घातलं. खायला काय द्यायचं म्हणून आम्ही दोघी घाबऱ्या झालो, पण मग आठवलं, तुम्ही एकदा जेवताना सांगितलं होतं की पिल्लू उरलेला बलक पोटात घेऊनच बाहेर येतं, त्यावर त्याचे पहिले दिवस निघतात. तेव्हा मी ‘जेवताना कसले विषय काढता’ म्हणाले होते. ऐकत होते मात्र.

काल दुपारपर्यंत नऊ पिल्लं झाली. एक अंडं पहिल्यापासून कधी बोललंच नव्हतं, ते शेवटपर्यंत बोललं नाही. आणि एक उरलं. त्याने भोक पाडलं होतं, चोच दिसत होती, आदल्या दिवशी बोललाही होता. काच उघडी राहिली त्यात भोकाच्या कडेचा पापुद्रा वाळून कागदासारखा झाला आणि त्याच्या अंगाला चिकटला. फिरता येईना त्याला. टक् नाही, चिक् नाही. बाकीची नऊ त्याच्यावर आपटत होती आणि तो गप्प.

माझी बोटं शिवशिवत होती. तो पापुद्रा चिमटीत धरून नुसता ओढायचा, बस. दोनदा हात आत गेला आणि दोनदा मागे घेतला. पत्र टाकून उत्तर येईपर्यंत तो राहणार नव्हता. तुम्हाला विचारायला हवं होतं, तेव्हाच्या तेव्हा. मी फोनकडे पाहिलं, फोन माझ्याकडे पाहत बसला.

उचलला. नंबर फिरवला, चुकला नाही. तर तुमची लाइन एंगेज! परत लावला, परत एंगेज. संतापून रिसीव्हर आदळला आणि तो आदळला तसा फोन वाजायला लागला. अजून दिवेलागण व्हायची होती, तरी मला कळलं. मी तुम्हाला लावत होते तेव्हा तुम्ही मला लावत होतात, माझं कपांचं पत्र हातात धरून, मी उचलणार नाही हे माहीत असताना. दुसऱ्यांच्या लाइनी जोडण्यात जन्म गेला आणि आपल्या घरी ही तऱ्हा.

उचलला तर तोंडातून काय निघावं? ‘नंबर प्लीज.’

तुम्ही म्हणालात, ‘अगं, मीच आहे.’

हे ‘अगं’ कार्डावर कुठेच नव्हतं. मी एकदम म्हटलं, शेवटचं अंडं बोलत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ‘सोलू नकोस, रक्त येईल. रुमाल गरम पाण्यात पिळून आत ठेव. काच लाव, वाफ धरू दे.’ सगळं केलं. मग म्हणालात, ‘आता काच वीतभर सरकव आणि रिसीव्हर भोकाशी धर.’ मला वाटलं, तुम्ही ऐकणार. तर तुम्ही सुरू केलंत! क्लुक्क, क्लुक्क, क्लुक्क. मागून जाऊबाईंचा आवाज आला, ‘अहो, भावजींना काय झालं बघा!’ आणि भाऊजी म्हणाले, ‘काही नाही, खुडूक झालाय.’ तुम्ही थांबला नाहीत. भरल्या घरात सगळ्यांसमोर क्लुक्क क्लुक्क करत राहिलात.

इकडे काय झालं ते ऐका. नऊच्या नऊ पिल्लं एकदम गप्प झाली. माना वर करून रिसीव्हरकडे बघायला लागली. अर्जंट चालत आला, धडपडला, आणि रिसीव्हरला खेटून बसला. ह्याच आवाजाने तुम्ही रोज सकाळी त्यांना उठवायचात. त्यांना आवाज ओळखीचा होता, असं मी तरी म्हणेन. आणि मग अंड्यातून ‘टक्’ आलं. तुम्हाला ऐकू गेलं नसेल इतकं हळू. थोड्या वेळाने परत. मी फोनवर ओरडले, ‘लाइन लागली!’ आणि रडू आलं. तुम्हाला वाटलं, फोन बिघडला. तो फोनचा आवाज नव्हता.

तुमचा घसा बसेपर्यंत तुम्ही बोलत होतात. त्याच्याशी. माझ्याशी एक शब्द नाही, मीही तुमच्याशी नाही. मग मी ‘ठेवते’ म्हटलं आणि तुम्ही ‘बरं’ म्हटलंत.

आज सकाळी, मी चहा टाकत असताना, मागे चिवचिवाट झाला. येऊन पाहते तर ते टोपी डोक्यावर घेऊन उभं! त्याचं नाव ट्रंक कॉल, लांबून लागला म्हणून. एका बाजूचा कोंभासारखा पंख अजून चिकटलेला आहे, पण ठणठणीत आहे आणि अर्जंटच्या डोक्यावर पाय देऊन चढतं.

तर दहा पिल्लं आहेत. तुम्ही मनात धरलेलं एक काम तडीला गेलं आणि ते पाहायला तुम्हीच घरात नाही, ह्याचा मला फार राग येतोय. मला तुमची आठवण येते. हे फोनवर सांगायचं होतं, पण अंडं मध्ये होतं. या आता.


गुरुवार, २० तारीख
(ही चिठ्ठी स्वयंपाकघरात, बरणीखाली)

अहो,

पिल्लांचं खाद्य आणायला गेलेय. तुमची गाडी माझ्याआधी पोचेल म्हणून लिहून ठेवते. किल्ली पार्लरवालीकडून घेतलीतच, म्हणूनच हे वाचताय. तिने पिल्लांचा भांग पाडायचा विषय काढला असेल तर लक्ष देऊ नका.

आज सकाळी मी आपण होऊन फोन लावला. भाऊजींनी उचलला. म्हणाले, तो सकाळच्या पहिल्या गाडीने निघालासुद्धा, चहाला थांबला नाही. मी म्हटलं, त्यांच्याशी नाही, तुमच्याशीच काम आहे. मी त्या दिवशी तुमच्यासमोर ह्यांना एक वाक्य बोलले, ते परत घ्यायचंय. भाऊजी म्हणाले, ‘कुठलं वाक्य? मला काही आठवत नाही.’ मी म्हटलं, मला आठवतंय आणि ज्यांना बोलले त्यांनाही आठवतंय, तुमच्यासमोर बोलले तर तुमच्यासमोरच परत घेणार, नीट ऐकून घ्या. मग सगळं वाक्य पहिल्यापासून म्हटलं आणि म्हटलं, हे खोटं होतं. जाऊबाईंनाही लाइनवर बोलावून परत एकदा म्हटलं. भाऊजी हसत होते. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, रोज संध्याकाळी फोन फिरवून उभे राहायचे हो, आणि कोणी उचलत नाही हे पाहून म्हणायचे, ‘घरी आहे ती.’ तेवढ्यावर जेवायला बसायचे.

हे मला आधी कळलं असतं तर मी पहिल्याच दिवशी उचलला असता. नसता उचलला. पण फोन वाजताना मी त्याच्याशेजारी जाऊन बसायचे, तेवढं तुम्हाला सांगून ठेवते.

पिल्लं कपाटातच आहेत. पाणी बशीत दिलंय, सोनेरी काठाच्या. त्यात पाय घालून उभी राहतात, मला चालतं. हातपाय धुतलेत की आधी त्यांच्याशी बोला. शेवटचं तुमच्या आवाजावरच बाहेर आलंय, तोंड पाहिलेलं नाही. घाबरलं तर क्लुक्क करा.

चहा थर्मासमध्ये आहे. दोन कप बाहेर काढून ठेवलेत, पाहुण्यांचे. कान उडालेला माझा, तो घेऊ नका. मी येईपर्यंत ओतू नका. आणि कोयंडा, बेल, कठडा, कशालाही आज हात लावायचा नाही. मी आले की बेल दोनदा दाबीन.